स्मॉल हीट शॉक प्रोटीन घालूनही एन्झाइमची ॲक्टिव्हिटी पडतेच, मग ते वाचवतंय तरी काय?

कोपरी_बायोकेम

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते ठाणे पूर्वेला, कॉलेज नवी मुंबईत. डिझर्टेशनमधे एका गोष्टीवर अडकलेय आणि गाइड मॅडम पुढच्या आठवड्यापर्यंत बाहेरगावी आहेत म्हणून इथे विचारतेय, कोणी या विषयात काम केलं असेल तर प्लीज सांगा.

काम असं आहे की आमच्या लॅबमधे वनस्पतीचं एक स्मॉल हीट शॉक प्रोटीन ई. कोलायमधे तयार करून शुद्ध केलेलं आहे, आणि ते गरम झालेल्या एन्झाइमला वाचवतं का हे मला दाखवायचंय. एन्झाइम घेतलंय मॅलेट डीहायड्रोजनेज, डुकराच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियाचं, ते विकत मिळतं. ४५ अंशाला ठेवायचं आणि ३२० नॅनोमीटरला स्कॅटरिंग, म्हणजे गुठळ्यांमुळे प्रकाश किती विखुरतो ते, बघायचं. एकटं एन्झाइम असलं की थोड्याच वेळात क्युव्हेट दुधाळ होतो, गुठळ्या होतात. आमचं प्रोटीन सोबत असलं की पाण्यासारखं स्वच्छ राहतं, ग्राफ एकदम सपाट. इथपर्यंत सगळं छान, पेपरमधे असतं तसंच.

पण मग मला वाटलं की नुसतं स्कॅटरिंग काय दाखवायचं, एन्झाइम काम करतंय का तेही दाखवू. म्हणून दर थोड्या वेळाने त्याच ट्यूबमधून थोडं काढून ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (एन्झाइम काम करताना खर्च होणारा रेणू) कमी होण्याचा वेग मोजला. आणि दोन्ही ट्यूबमधे ॲक्टिव्हिटी सारखीच पडते!! प्रोटीन असो नसो, रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. दरवेळी तेच. म्हणजे ट्यूब स्वच्छ आहे पण आतलं एन्झाइम मेलेलंच आहे. मग हे प्रोटीन संरक्षण करतं असं मी थीसिसमधे कुठल्या तोंडाने लिहू? ते ॲक्टिव्ह साइटलाच चिकटून बसतंय का? की आमचं प्रोटीनच नीट फोल्ड झालेलं नाही? व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर पहिला हाच प्रश्न विचारणार याची खात्री आहे.

बफर हेपीस आहे, पीएच ७.५. दोन प्रोटीनचं प्रमाण वजनाने घेतलंय, साधारण तीनास एक.

घणसोली_प्रोटीनवाला

तुझा निकाल बरोबर आहे. आधी हे वाच आणि शांत झोप.

स्मॉल हीट शॉक प्रोटीनकडून एन्झाइम चालू ठेवण्याची अपेक्षाच नसते. ४५ अंशाला एमडीएच, म्हणजे तुझं मॅलेट डीहायड्रोजनेज, उलगडायला लागतं, ते या प्रोटीनला थांबवता येत नाही आणि ते थांबवायला जातही नाही. ते काय करतं तर अर्धवट उलगडलेल्या एन्झाइमचे जे तेलकट भाग, म्हणजे पाणी नको असलेले अमिनो आम्लांचे पट्टे, उघडे पडतात त्यांना धरून ठेवतं. नाहीतर हेच पट्टे शेजारच्या उलगडलेल्या एन्झाइमच्या पट्ट्यांना चिकटतात आणि तुझा क्युव्हेट दुधाळ होतो. म्हणजे ते पकडतं तेच मुळी काम बंद पडलेल्या एन्झाइमला. धडधाकट, नीट घडी असलेल्या एन्झाइमशी त्याला फारसं देणंघेणं नसतं, म्हणून ॲक्टिव्ह साइटला चिकटण्याचा प्रश्न नाही. २५ अंशाला दोन्ही एकत्र ठेवून ॲक्टिव्हिटी मोज, काही फरक दिसणार नाही, तो कंट्रोल म्हणून थीसिसमधे टाकच.

दागिना गहाण ठेवण्यासारखं समज. अंगावर घालता येत नाही, पण वितळवलेलाही नाही, पैसे भरले की सुटतो. इथे पैसे म्हणजे एटीपी, पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, आणि सोडवून आणणारा माणूस म्हणजे एचएसपी ७० हे दुसरं हीट शॉक प्रोटीन. स्मॉल वाल्यांना स्वतःला एटीपी लागत नाही आणि माझ्या मते या सगळ्या कथेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, कारण पेशी तापते तेव्हा एटीपीची आधीच बोंब असते, अशा वेळी फुकटात धरून ठेवणारं कोणीतरी हवं. नंतर तापमान उतरलं, एटीपी परत आला, की एचएसपी ७० आणि त्याचं मदतनीस जे-प्रोटीन येऊन ते एन्झाइम ओढून काढतात आणि परत घडी घालतात.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. १९९७ साली दोन पेपर आले, दोन्ही एम्बो जर्नलमधे. एकात वाटाण्याचं एचएसपी १८.१ आणि तुझंच एमडीएच, व्हिर्लिंग बाईंच्या गटाचं काम. दुसऱ्यात उंदराचं एचएसपी २५ आणि सिट्रेट सिंथेज हे दुसरं एन्झाइम, बुखनर यांच्या गटाचं. दोन्हीकडे सार तेच आहे, एन्झाइम परत घडी घालता येईल अशा अवस्थेत धरून ठेवणं. वाटाण्यावाल्या पेपरमधे तर असं दिसलं की १२ उपघटकांचं एक एचएसपी १८.१ जवळजवळ १२ एमडीएच उपघटक धरू शकतं. बाकीच्या शॅपरॉनांच्या, म्हणजे प्रोटीनची घडी सांभाळणाऱ्या प्रोटीनांच्या, मानाने ही क्षमता मोठी आहे, जिवाणूतल्या ग्रोईएलच्या पोकळीत एका वेळी एकच मावतं आणि तेही साधारण ६० किलोडाल्टनपर्यंतचं.

त्यामुळे तुझा प्रयोग अर्धा झालाय इतकंच. गरम केलंस, आता थंड करून सोडवून दाखव.

आणि वजनाने प्रमाण नको. मोलर प्रमाण काढ आणि मोनोमर (सुटा उपघटक) धरून की ऑलिगोमर (उपघटकांचं अख्खं संकुल) धरून ते ठळक लिही. पेपर वाचतानाही हे आधी बघ, एका पेपरमधलं एकास एक आणि दुसऱ्यामधलं एकास एक यात १२ पट फरक असू शकतो.

रबाळे_क्यूसी

मी एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे त्यामुळे माझी नजर वेगळी आहे, राग मानू नका. आमच्याकडे ॲक्टिव्हिटी पडली म्हणजे माल गेला. बाटलीत गाळ नाही म्हणून कोणी एन्झाइम विकत घेत नाही, युनिट प्रति मिलिग्रॅमवर पैसे मिळतात. त्यामुळे ट्यूब स्वच्छ आहे म्हणून "संरक्षण" म्हणणं मला पटत नाही, आणि स्कॅटरिंगवर थांबलेले पेपर वाचले की हेच मनात येतं.

ताई तुम्ही बीएसएचा (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) कंट्रोल घेतलाय का? तेवढ्याच वजनाचं बीएसए किंवा लायसोझाइम घालून बघा. नुसतं जास्त प्रोटीन असल्यामुळेही गाळ कमी दिसू शकतो, काचेला चिकटणं कमी होतं वगैरे. हेपीस घेतलंत ते उत्तम केलंत. ट्रिस असतं तर दर अंशाला पीएच साधारण ०.०२८ ने उतरतो म्हणजे २५ वरून ४५ ला गेलात की अर्ध्या युनिटच्या वर पीएच खाली, आणि मग एन्झाइम उष्णतेने मेलं की पीएचने ते देव जाणे. नवीन मुलं येतात तेव्हा त्यांना पहिलं हेच शिकवतो.

आम्ही एन्झाइम टिकवतो ते ग्लिसरॉल, सॉर्बिटॉल, साखर घालून. ट्रेहॅलोजही चालतं पण महाग. यांच्यात ॲक्टिव्हिटी खरोखर टिकते, उलगडण्याचं तापमानच वर सरकतं. आणि ज्याचा त्याचा सब्स्ट्रेट किंवा कोफॅक्टर, तो तर सगळ्यात चांगला. सिट्रेट सिंथेजला ऑक्झॅलोॲसिटेट दिलं की ते उष्णतेला किती तरी जास्त तग धरतं, हे जुनं माहिती असलेलं आहे. मग माझा प्रश्न असा की पेशीला हे सोपे उपाय असताना एवढं मोठं प्रोटीन कशाला बनवत बसायचं?

घणसोली_प्रोटीनवाला

@रबाळे_क्यूसी बीएसएचा मुद्दा अगदी बरोबर, तो कंट्रोल हवाच.

पण साहेब तुमच्या बाटलीत एक एन्झाइम आहे आणि ते महिनोन्महिने टिकायला हवं. पेशीत हजारो वेगवेगळी प्रोटीन आहेत, दाटीवाटीने, आणि उन्हाचा तडाखा दोन-तीन तासांचा. सगळ्यांचं काम चालू ठेवायची गरजच नाही, सगळी एकमेकांना चिकटून पेशी मरू नये एवढं पुरे. साखरेचा उपाय पेशी वापरते की, यीस्ट तापलं की ट्रेहॅलोज साठवतंच. ते गुठळी थोडीफार रोखतंही, पण उलगडलेल्या एन्झाइमची परत घडी घालायला शॅपरॉनच लागतात.

आणि सगळी संरक्षक प्रोटीन एकसारखं वागतात असंही नाही. सिट्रेट सिंथेजवरच १९९५ साली एचएसपी ९० चं काम झालंय. तिथे उलगडायला नुकती सुरुवात झालेल्या एन्झाइमला एचएसपी ९० क्षणभर धरतं आणि सोडतं, धरतं आणि सोडतं, त्यामुळे ॲक्टिव्हिटी पडण्याचा वेगच कमी होतो. म्हणजे तुम्हाला हवं आहे तसं संरक्षण थोडंफार तिथे दिसतं. ग्रोईएल एटीपीशिवाय असेल तर उलटं, ते पकडतं आणि सोडतच नाही, मग जे एन्झाइम आपोआप परत घडी झालं असतं तेही अडकतं. आणि स्मॉल वाले या दोघांच्या मधे कुठेतरी, पकड घट्ट पण एचएसपी ७० ला सोडवता येईल इतपत. एकच एन्झाइम, एकच ४३ अंश, आणि सोबत कोण आहे त्यावरून तीन वेगळे ग्राफ. मला तर वाटतं की @कोपरी_बायोकेम ने थीसिसच्या प्रस्तावनेत हाच मुद्दा घ्यावा, "संरक्षण" हा एकच शब्द सगळ्यांसाठी वापरू नये, ॲक्टिव्हिटी टिकवणं वेगळं, गाळ रोखणं वेगळं आणि परत उभं करणं वेगळं, तीन वेगळ्या प्रयोगांनी मोजायच्या तीन वेगळ्या गोष्टी.

मुलुंड_चेकनाका

मी कॉमर्सवाला, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं गेल्या महिन्यात, डॉक्टर म्हणाले डोळ्यातलं प्रोटीन गढूळ होतं. ते आणि हे दुधाळ होणं एकच का? तिथे असं वाचवणारं प्रोटीन नसतं का?

निवृत्त_मास्तर_ठाणे

चेकनाकावाले, फार नेमका प्रश्न विचारलात. तिथे ते असतं, आणि भरपूर असतं. डोळ्याच्या भिंगात अल्फा क्रिस्टलिन नावाचं प्रोटीन खच्चून भरलेलं आहे आणि ते स्मॉल हीट शॉक प्रोटीनच्याच घराण्यातलं, किंबहुना त्या घराण्याची ओळखच ज्या भागावरून पटते त्याला अल्फा क्रिस्टलिन डोमेन म्हणतात. पूर्वी समजत असत की भिंगाला पारदर्शक ठेवण्यापुरतं, नुसतं भर घालणारं प्रोटीन आहे. १९९२ साली जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं की ते शॅपरॉन आहे, गरम करून उलगडणाऱ्या इतर क्रिस्टलिनांना आणि एन्झाइमांनाही गुठळी होण्यापासून अडवतं. आपल्या हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मोहन राव यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं उत्तम काम केलंय, भारतीय विद्यार्थ्यांनी ते पेपर जरूर वाचावेत, तापमान वाढल्यावर या प्रोटीनची रचना कशी बदलते आणि पकडण्याची ताकद कशी वाढते यावरचे.

आता भिंगाची अडचण बघा. तिथल्या मधल्या पेशींत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवं प्रोटीन बनत नाही. जन्माच्या आधी बनलेलं प्रोटीन ऐंशीव्या वर्षीही तेच. वर घणसोलीकरांनी सांगितलं ते सोडवून आणण्याचं काम तिथे होणारच कसं? त्यामुळे अल्फा क्रिस्टलिन नुसतं पकडतच राहतं, पकडतच राहतं, आणि वय वाढत जातं तसं मोकळं अल्फा क्रिस्टलिन संपत जातं. मग गढूळपणा. उन्हाने, साखरेच्या आजाराने, सिगारेटने प्रोटीन लवकर बिघडतं तेव्हा हे आणखी लवकर होतं. आईंना आता छान दिसत असेल, त्यांना माझा नमस्कार सांगा.

@कोपरी_बायोकेम बाळ, तुझा प्रयोग वाचून फार आनंद झाला. स्कॅटरिंगवर न थांबता ॲक्टिव्हिटी मोजायला गेलीस हेच महत्त्वाचं. बत्तीस वर्षं शिकवलं, फार थोडी मुलं असं करतात.

थोडा इतिहासही लिही प्रस्तावनेत. १९६२ साली इटलीत नेपल्सला फेरुचियो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथीतले गुणसूत्र बघत होते. कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं आणि त्यांना गुणसूत्रावर नव्याच जागी फुगवटे दिसले, थोड्याच मिनिटांत आलेले. डायनायट्रोफेनॉल दिलं तरीही तेच फुगवटे, म्हणजे नुसत्या उष्णतेची गोष्ट नाही, पेशीचं ऊर्जेचं गणित बिघडलं तरी होतं. एका नामवंत नियतकालिकाने तो लेख नाकारला, शेवटी एक्स्पेरिएन्शियात छापून आला. त्या फुगवट्यांतून कुठली प्रोटीन येतात हे कळायला १९७४ उजाडलं. आणि आपल्या देशात लाखोटिया यांनी ९३डी या फुगवट्यावर काम केलं, १९७० साली मुखर्जींबरोबर बेंझामाइड देऊन तो एकटाच फुगतो हे दाखवलं, पुढे बनारस हिंदू विद्यापीठात तोच धागा धरून ठेवला, आणि त्या फुगवट्यातून तर प्रोटीन येतच नाही, नुसता आरएनए येतो. किती मोठी गोष्ट आहे ही! आपल्या पाठ्यपुस्तकात याला दोन ओळीही नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुझं प्रोटीन वनस्पतीचं आहे म्हणून आणखी एक. वनस्पतींत स्मॉल हीट शॉक प्रोटीनांची विविधता प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त, पेशीद्रवात वेगळी, हरितलवकात वेगळी, मायटोकॉन्ड्रियात वेगळी. आणि ते साहजिक आहे, आपण सावलीत जाऊन बसतो, घोडबंदर रोडच्या दुभाजकावरचं झाड कुठे जाणार? तिथे उन्हात पहिलं कोण मोडतं माहित्येय? रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, नव्हे, रुबिस्कोला चालू ठेवणारं रुबिस्को ॲक्टिव्हेज. फार नाजूक एन्झाइम. थंड प्रदेशातल्या गवताचं आणि वाळवंटातल्या झुडपाचं ॲक्टिव्हेज घेऊन तुलना केलेली आहे, ज्या झाडाचं ॲक्टिव्हेज जास्त तापमानाला टिकतं त्याचं प्रकाशसंश्लेषणही जास्त तापमानापर्यंत चालतं. २००८ साली सॅल्वुच्ची यांनी अरॅबिडॉप्सिसमधे दाखवलं की उष्णतेत सीपीएन ६० नावाचं शॅपरॉन या ॲक्टिव्हेजला जाऊन मिळतं. पीएचडी करायची असली तर हा विषय डोक्यात ठेव.

ऐरोली_यीस्ट

एक छोटी असहमती नोंदवते. सगळेजण गुठळी म्हणजे कचरा असं धरून बोलताय. टेस्ट ट्यूबमधे एमडीएचची गुठळी कचराच असते, मान्य. पण जिवंत यीस्टमधे २०१५ साली ड्रमंड यांच्या गटाने 'सेल' या नियतकालिकात दाखवलं की उष्णता दिल्यावर जे पुंजके होतात त्यातले बरेचसे प्रोटीन नंतर परत विरघळतात, मोडून टाकावे लागत नाहीत, आणि त्यांनी बघितलेलं एक एन्झाइमांचं संकुल तर पुंजक्यात असतानाही काम करत होतं. म्हणजे पेशी काही एन्झाइम स्वतःहून बाजूला गोळा करून ठेवत असावी. हे एकदम टोकाचं न मानता निदान डिस्कशनमधे एक परिच्छेद लिही, एक्झामिनर खूश होतील.

दुसरं, सोडवून आणण्यात एचएसपी ७० एकटं नसतं. यीस्टमधे एचएसपी १०४, जिवाणूत क्लिपबी, वनस्पतीत एचएसपी १०१. हे सहा उपघटकांचं कडं असतं आणि गुठळीतून एकेक धागा अक्षरशः मधल्या भोकातून ओढून काढतं. १९९० साली सांचेझ आणि लिंडक्विस्ट यांनी एचएसपी १०४ काढून टाकलेलं यीस्ट घेतलं, आधी हलकं गरम करून तयारी दिली तरी ५० अंशाला ते नॉर्मल यीस्टच्या तुलनेत पटापट मेलं. आणि २००३ साली मोक आणि बुकाऊ यांच्या गटाने दाखवलं की स्मॉल प्रोटीनने धरलेलं एन्झाइम सोडवायलाही हीच जोडी लागते, डीएनएके (जिवाणूचं एचएसपी ७०) आणि क्लिपबी, एकट्या डीएनएकेने होतं पण हळू. आपल्या पेशीद्रवात एचएसपी १०४ नाहीच, तिथे एचएसपी ११० आणि जे-प्रोटीन मिळून काम भागवतात.

तिसरं एकदम प्रॅक्टिकल. प्रोटोकॉलमधे लिहिलेलं असतं की गरम केल्यावर "रूम टेंपरेचर" ला रिकव्हरी. ते परदेशातलं २२ अंशाचं रूम टेंपरेचर आहे बरं का. आमच्या लॅबचा एसी एप्रिलमधे बंद होता तेव्हा बेंचवर ३३ दाखवत होता थर्मामीटर. ३३ ला काही एन्झाइम परत घडी होतात पण त्याच वेळी दुसरी हळूहळू मोडतही असतात, मग दर दिवशी आकडा वेगळा. त्यामुळे बेंचवर ठेवू नको, कूलिंग असलेल्या वॉटर बाथमधे २५ किंवा ३० फिक्स कर आणि तो आकडा मेथड्समधे लिही.

कोपरी_बायोकेम

सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः मास्तर सर, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच.

बीएसए घेऊन बघितलं, तेवढ्याच वजनाचं. ट्यूब दुधाळ होतेच, किंचित उशिरा. म्हणजे आमच्या प्रोटीनचा परिणाम खराच आहे. २५ अंशाला दोन्ही एकत्र ठेवून ॲक्टिव्हिटी मोजली, काहीही फरक नाही. मोलर प्रमाण मोनोमर धरून काढलं तर ते एमडीएचच्या मोनोमरमागे सहाच्या आसपास येतं, म्हणजे आमचं प्रोटीन भरपूरच जास्त होतं.

आता सोडवून आणण्याचा भाग. सीनियर म्हणतोय सशाच्या रेटिक्युलोसाइटचं लायसेट (कोवळ्या लाल रक्तपेशी फोडून केलेला अर्क) घाल, त्यात एचएसपी ७० वगैरे सगळं आयतं असतं, फ्रीजरमधे एक व्हायल पडून आहे. घालू का?

घणसोली_प्रोटीनवाला

एमडीएच असेल तर लायसेट नको. म्हणजे घालता येईल पण डोकेदुखी आहे. एक तर ते लाल रक्तपेशींचं आहे, त्यात स्वतःचं एमडीएच असतं, तू सशाचंच एन्झाइम मोजत बसशील. दुसरं म्हणजे हिमोग्लोबिन ३४० ला भरपूर शोषतं, तुझी बेसलाइन छतावर जाईल. लायसेटवाले प्रयोग लोक काजव्याच्या ल्युसिफरेजवर करतात त्यामागे हे एक कारण आहे, उजेड मोजायचा असल्याने ही भानगड येत नाही, आणि सशात ल्युसिफरेज नसतं. ते ४२ अंशालाच मोडतं म्हणून प्रयोगही पटकन होतो.

एमडीएचच ठेवायचं असेल तर ई. कोलायचं शुद्ध डीएनएके आणि त्याचे मदतनीस डीएनएजे आणि जीआरपीई घे. कोणाकडून तरी मागून आण, ही तीन प्रोटीन बऱ्याच लॅबच्या फ्रीजरमधे असतात, नवी मुंबईत-मुंबईत मिळून जातील. एटीपीसोबत क्रिएटिन फॉस्फेट आणि क्रिएटिन कायनेज घाल म्हणजे एटीपी संपणार नाही. आणि मॅग्नेशियम विसरू नको, त्याशिवाय डीएनएके हलत नाही.

ट्यूब चार तरी हव्यात. स्मॉल प्रोटीनसह गरम केलेली आणि त्याशिवाय गरम केलेली, दोन्हींना एटीपी देऊन आणि न देता. स्मॉल प्रोटीनशिवायची दुधाळ ट्यूब सेंट्रिफ्यूज करू नको, आहे तशीच घाल, नाहीतर गाळ फेकून देऊन तुलना करतेस असं कोणीतरी म्हणेल.

रबाळे_क्यूसी

आणि टक्केवारी काढताना १०० टक्के म्हणजे काय ते आधी ठरवा. गरम करण्याआधीची ॲक्टिव्हिटी की २५ अंशाला तेवढाच वेळ ठेवलेल्या ट्यूबची ॲक्टिव्हिटी? दुसरी घ्या. एवढ्या पातळ द्रावणात एमडीएच नुसतं ठेवूनही थोडं पडतंच, ते उष्णतेच्या नावावर जाता कामा नये.

घणसोलीकरांचं "परत उभं करणं" हे वेगळं मोजायचं म्हणणं मला पटलं. आकडा आला की मीही मान्य करीन.

कोपरी_बायोकेम

आलाय आकडा!!

मॅडम आल्या, त्यांच्या ओळखीच्या लॅबमधून डीएनएके-जे-ई मिळालं, सोबत थोडं क्लिपबीही दिलं त्यांनी. ४५ ला गरम केलं, ३० च्या बाथमधे आणलं, मग मिक्स घातलं. स्मॉल प्रोटीनवाल्या ट्यूबमधे सुरुवातीला जवळजवळ शून्य ॲक्टिव्हिटी, मग हळूहळू चढायला लागली, पहिल्या अर्ध्या तासात अगदीच कमी आणि नंतर वेग घेतला, दोन तासांनी अर्ध्याच्या जवळ पोचली आणि अजून चढत होती. एटीपी नसलेल्या ट्यूबमधे रेषा जमिनीवरच, हललीच नाही. दुधाळ ट्यूबमधे एटीपी असूनही अगदी थोडी उचल. रबाळे सर, १०० टक्के म्हणजे २५ अंशाची ट्यूब धरलीये.

मी स्पेक्ट्रोसमोर उभी राहून नुसती बघत होते, तेच एन्झाइम, सकाळी पूर्ण बंद पडलेलं.

दोन गोष्टी कळत नाहीयेत. सुरुवातीचा तो अर्धा तास उशीर कशाचा? आणि स्मॉल प्रोटीनचं प्रमाण मी सहाऐवजी कमी केलं, मोनोमरला मोनोमर दोनच्या आसपास, तर स्कॅटरिंग थोडं वाढतं पण पूर्ण गाळ होत नाही, तिथे सोडवणं जमेल का?

रबाळे_क्यूसी

मान्य. अभिनंदन ताई.

ऐरोली_यीस्ट

मस्तच गं! उशिराचं कारण बहुतेक असं की एमडीएच दोन उपघटकांचं असतं. आधी एकेक सुटायचं, घडी व्हायची, मग जोडीदार सापडायचा, तेव्हा कुठे ॲक्टिव्हिटी दिसणार. सुरुवातीला सुटलेले मोनोमर इतके कमी असतात की जोडी जमायला वेळ लागतो. एमडीएचचं एकूण प्रमाण वाढवून बघ, हे खरं असेल तर उशीर कमी व्हायला हवा.

घणसोली_प्रोटीनवाला

ऐरोलीताईंचं बरोबर वाटतंय, तो प्रयोग स्वस्तही आहे, आधी करून टाक.

प्रमाण कमी केलेल्या ट्यूबचं म्हणशील तर क्लिपबी मिळालंय ते तिथेच वापर. सहा प्रमाणाला आणि दोन प्रमाणाला, दोन्हीकडे क्लिपबी घालून आणि न घालता. माझा अंदाज, सहाला क्लिपबीने वेग वाढेल पण त्याशिवायही गाडी चालेल, दोनला मात्र पुंजके मोठे असणार, तिथे क्लिपबीशिवाय फार काही उठणार नाही. पुंजक्यांचा आकार बघायला जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार वेगळं करणारा कॉलम) करून घे, मोठे असतील तर व्हॉइड व्हॉल्यूममधेच, म्हणजे सगळ्यात आधी, बाहेर येतील. क्लिपबी थोडंच असेल तर सहा उपघटकांचं कडं टिकायला किमान प्रमाण लागतं, फार पातळ केलंस तर ते सुटं होतं आणि काम करत नाही, म्हणून ट्यूबची संख्या कमी कर पण क्लिपबी पातळ करू नको.

एटीपी नसलेल्या कंट्रोलमधे ॲपायरेज (एटीपी तोडणारं एन्झाइम) पण टाक, शुद्ध केलेल्या डीएनएकेसोबत थोडं न्यूक्लिओटाइड चिकटून येतं. ग्राफ आला की टाक इथे.